एक खोली, पाच माणसं, एक ट्यूब: घरभर पसरलेल्या गजकर्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं यंत्रमागाचं एक शहर, जुलैचा दुसरा आठवडा. या दिवसांत आमच्या त्वचारोग दवाखान्याच्या बाकावर गजकर्णाचे पेशंट जास्त आणि बाकीचे कमी. त्यातल्याच एका कुटुंबाचं हे प्रकरण. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

महादेव, वय ३४, रात्रपाळीला माग चालवतो. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून शेडमध्ये दमटपणा राखलेला असतो. वर पत्रा, आत मागांची ऊब. अंगात बनियन आणि नायलॉनची बर्मुडा, आणि पाळी संपेपर्यंत दोन्ही घामानं चिंब. सकाळी आठला घरी येऊन तो झोपतो. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि कोपऱ्यात मोरी. त्यात बायको सुनीता (२७), सात वर्षांची मुलगी, पाच महिन्यांचा मुलगा आणि महादेवची आई (६२). आईला मधुमेह आहे, कोलेस्टेरॉलची गोळीही चालू आहे.

घरात गादी एकच. रात्री तिच्यावर सुनीता आणि दोन्ही मुलं, दिवसा महादेव. ती चोवीस तासांत कधी मोकळी नसायची, आणि पाऊस लागल्यापासून उन्हात गेलीच नव्हती. आई खाली गोधडीवर. कपडे खोलीतच, पंख्याखाली बांधलेल्या दोरीवर वाळायचे. म्हणजे पुरते वाळायचेच नाहीत. महादेव दमट चड्डी घालूनच पाळीला जायचा. हे सगळं पहिल्याच दिवशी समजलं असं नाही. काही तेव्हा विचारून कळलं, काही पुढे.

नेमकी अडचण

आठ महिन्यांपूर्वी महादेवच्या जांघेत रुपयाएवढा चट्टा उठला. खाज रात्री जास्त, मागापाशी उभं असताना असह्य. त्यानं मेडिकलमधून ट्यूब आणली. "लावली की दोन दिवसांत खाज जातीया, सोडली की चौथ्या दिवशी हाय तिथंच," असं तो म्हणाला. मग ट्यूब संपायच्या आत दुसरी आणून ठेवायची सवय लागली. हिवाळ्यात आईनं टाकळ्याचं बी ताकात वाटून लावलं. त्यानं आग झाली, म्हणून पुन्हा ट्यूब. मध्ये एका डॉक्टरांनी टर्बिनाफिन या बुरशीनाशकाच्या गोळ्या दिल्या होत्या. आठवड्यात खाज थांबली म्हणून त्यानं उरलेल्या घेतल्या नाहीत.

ट्यूब त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवली. एकाच मलमात क्लोबेटासोल, एक जंतुनाशक आणि एक बुरशीनाशक. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात तीव्र गटातलं औषध. सोरायसिसच्या जाड चट्ट्यांवर ते उपयोगी पडतं. जांघेसारख्या पातळ, घामट, घडीच्या कातडीवर मात्र ते कितीतरी जास्त शोषलं जातं. खाज आणि लाली म्हणजे बुरशीला शरीरानं दिलेला प्रतिसाद असतो आणि स्टिरॉइड नेमका तोच दाबतं. घरात चोर शिरलेला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याला गुंगीचं औषध द्यावं, तसा हा प्रकार. शांतता होते, बुरशी पसरत राहते.

कपडे काढून तपासल्यावर जांघा, कुल्ले आणि कमरेभोवती पूर्ण पट्टा दिसला. नेहमीच्या गजकर्णात कडा उठावदार, लालसर, खवलेदार असते आणि मधला भाग त्यामानानं साफ. इथे कडा पुसट झाल्या होत्या, आणि काही ठिकाणी कड्याच्या आत दुसरं कडं. स्टिरॉइड लावलेल्या गजकर्णात असं चित्र वारंवार दिसतं. मांड्यांच्या आतल्या बाजूला जांभळट, आडव्या चिरा पडल्या होत्या. महादेवला त्या खाजवल्याच्या खुणा वाटत होत्या. त्या कातडी पातळ होऊन ताणल्याच्या खुणा होत्या, आणि तशा चिरा पुढे फिक्या होतात पण पूर्ण जात नाहीत. हे त्याला तेव्हाच सांगितलं.

महादेव बाहेर फी द्यायला गेला तेव्हा सुनीता आत थांबली. "मला पण हाय," एवढंच म्हणाली. तिच्या दोन्ही जांघांत आणि छातीखाली चट्टे होते. तीन महिने ती नवऱ्याचीच ट्यूब लावत होती, आणि नवऱ्याला हे माहीत नव्हतं. मुलीच्या गालावर एक गोल चट्टा. त्यालाही तीच ट्यूब, "थोडीशीच". आजींना कमरेवर, परकराच्या नाडीखाली. बाळ तेवढं सुटलं होतं.

निदान

निदानाला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते बहुतेक वेळा केलं जात नाही. बोथट ब्लेडनं चट्ट्याच्या कडेचे खवले काचपट्टीवर खरवडून घ्यायचे, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. केराटिन विरघळतं, बुरशी विरघळत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या फिकट पसाऱ्यातून आरपार जाणारे, फाटे फुटलेले, मध्ये मध्ये पडदे असलेले तंतू दिसतात. महादेवच्या काचेवर ते शोधावेही लागले नाहीत, इतके होते. स्टिरॉइडखाली वाढलेल्या बुरशीचं असंच असतं. आजींना डोळा लावून बघायला सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "जाळी हाय रं नुसती." पुढचं निम्मं समजावणं त्या एका मिनिटात झालं.

आजींच्या कमरेवर कँडिडा, म्हणजे वेगळ्या बुरशीचा संसर्गही असू शकला असता. मधुमेहात घडीच्या जागी तो होतो, पण त्यात मुख्य चट्ट्याभोवती बारीक पुळ्यांची पेरणी दिसते. ती नव्हती, आणि काचेवर तेच तंतू होते. मुलीचं डोकं मुद्दाम केस बाजूला करून तपासलं. टाळूवर गजकर्ण असेल तर नुसत्या मलमानं भागत नाही, पोटातून औषध द्यावं लागतं. टाळू साफ होती.

बुरशीचं कल्चर, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून बघणं, आणि कुठलं औषध किती चालतं याची तपासणी हाही एक पर्याय होता. तो तेव्हा बाजूला ठेवला. सोय जवळ नाही, खर्च आहे, निकालाला आठवडे लागतात, आणि पहिल्या उपचाराचा निर्णय त्यानं बदलला नसता.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न स्टिरॉइडचा. एकदम बंद करायचं की सौम्य स्टिरॉइडवर आणून हळूहळू सोडवायचं? दुसरा मार्ग पेशंटला सोपा जातो, सुरुवातीचा भडका कमी होतो. पण महादेवच्या हातात स्टिरॉइडची कुठलीही ट्यूब राहिली असती तर ती आठ दिवसांत थांबली नसती, हे दिसत होतं. एकदम बंद करायचं ठरलं. ट्यूब तिथेच टोपलीत गेली. पुढच्या आठ-दहा दिवसांत लाली वाढेल, आग होईल, औषध बाधलं असं वाटेल, हे त्याला आणि आईला दोघांना सांगितलं. आईला मुद्दाम, कारण घरात ट्यूब आणायला पैसे देणारी तीच होती.

दुसरा प्रश्न पोटातल्या औषधाचा. महादेवचा पसारा मोठा, काळ आठ महिन्यांचा, वर स्टिरॉइड. नुसतं मलम पुरणार नव्हतं. टर्बिनाफिन की इट्राकोनॅझोल? आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्णाचं चित्र पालटलं आहे. आधी मुख्य बुरशी ट्रायकोफायटॉन रुब्रम होती. आता जी दिसते तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळालं. तिच्यातल्या बऱ्याच वाणांमध्ये स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराच्या जनुकात बदल असतो, आणि टर्बिनाफिन नेमकं त्याच विकरावर काम करतं, म्हणून अशा वाणांवर ते नीट लागू पडत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं न्यू यॉर्कमधल्या दोन स्त्रियांमध्ये ही बुरशी सापडल्याचं कळवलं. त्यातली एक तर अलीकडे परदेशी गेलेलीही नव्हती.

पण महादेवच्या बाबतीत प्रतिकार आहे असं म्हणायला पुरावा नव्हता. त्यानं गोळ्या आठवडाभरच घेतल्या होत्या. अर्धवट घेतलेलं औषध लागू पडलं नाही, यावरून त्या औषधाबद्दल काहीच कळत नाही. तरी इट्राकोनॅझोल निवडलं: रोजचे २०० मिलिग्रॅम, निदान सहा आठवडे. आधी यकृताच्या तपासण्या केल्या, दारूचं विचारलं, हृदयाचा त्रास नाही याची खात्री केली.

सुनीतासाठी हा मार्ग बंद होता. अंगावर दूध पिणारं बाळ, त्यामुळे पोटातून बुरशीनाशक टाळायचं. आजींच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं इट्राकोनॅझोलशी पटत नाही. दोन्ही एकत्र घेतली तर स्नायूंना इजा होऊ शकते. त्यांचा चट्टा लहान होता, मलम पुरेसं होतं. मुलीलाही मलमच.

तिसरा प्रश्न पैशांचा, आणि तो खोटी लाज सोडून हिशेबानंच सोडवावा लागतो. बोटाच्या शेवटच्या पेरावर पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. महादेवच्या चट्ट्यांची जागा, कडेबाहेर दोन बोटं धरून, आठ तळहात भरली. एकदा लावायला दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे चार. पंधरा ग्रॅमची ट्यूब चार दिवसही जात नाही. आतापर्यंत हे कुटुंब तेवढी ट्यूब चौघांत मिळून पंधरा दिवस पुरवत होतं. बुरशीनाशक म्हणून त्यात जे काही होतं, ते कधी पुरेसं पोचलंच नाही.

म्हणून वाटणी अशी केली: महादेवला कॅप्सूलचा आधार आहे, त्याला क्लोट्रिमॅझोल हे स्वस्त बुरशीनाशक मलम, जनऔषधी केंद्रातून. सुनीताचा सगळा भार मलमावरच, म्हणून जांघेसाठी तिला महागडं ल्युलिकोनॅझोल, दिवसातून एकदा. छातीखाली मात्र क्लोट्रिमॅझोल, तेही दूध पाजून झाल्यावर लावायचं आणि पुढच्या वेळी पाजण्याआधी पुसून घ्यायचं. साधारणपणे जो जास्त आजारी त्याला महाग औषध, असा रिवाज असतो. इथे तो मोडला.

काय केलं

औषधाची चिठ्ठी पाच मिनिटांत झाली. वेळ गेला तो करदोट्यावर.

महादेवच्या कमरेचा पट्टा करदोट्याच्या बरोबर रेषेत होता. काळा सुती दोरा, घामानं कडक झालेला, वर्षभर न बदललेला. तो काढा म्हटल्यावर आजी बाकावरून उठल्याच. पुरुषाच्या कमरेचा करदोटा काढणं त्यांना अशुभ वाटत होतं, आणि महादेव आईकडे बघत गप्प. इथे "अंधश्रद्धा" म्हणून वाद घालता आला असता. तो दवाखान्यात जिंकता येतो. घरी गेल्यावर करदोटा पुन्हा कमरेला असतो. मी विचारलं, "मावशी, जुना काढून त्याच घडीला नवा बांधला तर चालतंय का?" ते चालत होतं. मग ठरलं असं की दर आठवड्याला आंघोळीनंतर नवा दोरा, जुना उकळत्या पाण्यात टाकून फेकायचा. दोन आठवड्यांनी आजींनी स्वतःच चांदीचा करदोटा करायचं काढलं. चांदी साबणानं धुता येते, हे त्यांचं म्हणणं. परकराच्या नाडीचंही तेच केलं: दोन परकर, रोज बदलायचे, नाडी सैल आणि रोज वेगळ्या जागी.

कपड्यांबद्दल "स्वच्छता ठेवा" असं सांगून काही होत नाही. ते घर अस्वच्छ नव्हतंच. ते घर ओलं होतं. बुरशीचे बीजाणू गळालेल्या खवल्यांतून कपड्यांत, चादरीत महिनोन् महिने टिकतात. थंड पाण्याच्या धुण्यानं ते मरत नाहीत आणि बाकीच्या कपड्यांनाही लागू शकतात. साठ अंशांच्या आसपासचं पाणी त्यांना पुरतं. पाचही जणांचे सगळे कपडे रोज गरम पाण्यात घालायला गॅस परवडणारा नव्हता. म्हणून फक्त आतले कपडे, टॉवेल आणि महादेवची बर्मुडा वेगळ्या बादलीत, अर्धा तास कढत पाण्यात. वाळत घालताना उलटे करून. पूर्ण वाळले नाहीत तर घालण्याआधी शिवणीवरून इस्त्री. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आणि मुलीचा रंगानं ओळखता येईल असा.

गादीचा प्रश्न सुनीतानं सोडवला. गादी धुता येत नाही, पावसात उन्हात टाकता येत नाही. तिनं दोन जुन्या साड्या गादीच्या मापानं शिवून घेतल्या. सकाळी महादेव झोपण्याआधी एक अंथरायची, तो उठला की काढून बादलीत. रात्री मुलांसाठी दुसरी. हा उपाय माझ्या यादीत नव्हता. आता तो मी इतरांना सांगतो.

खाजेच्या गोळीचंही पाळीप्रमाणे बघावं लागलं. अशा गोळ्या रात्री घ्यायला सांगायची पद्धत आहे, कारण झोप येते. रात्री चालत्या मागापाशी उभ्या माणसाला झोप येणं म्हणजे बोटं जाणं. सकाळी घरी येऊन जेवल्यावर, झोपण्याआधी घ्यायची असं ठरवलं आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

भडका सांगितल्याप्रमाणे सहाव्या दिवशी उठला. महादेव चालताना पाय फाकवून दवाखान्यात आला. थंड पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर आणि धीर, एवढंच दिलं. मेडिकलपाशी दोनदा थबकून परत फिरलो, असं त्यानं सांगितलं.

तिसरा आठवडा

भडका ओसरला, पण तीन आठवड्यांनी जेवढं उतरायला हवं होतं तेवढं उतरलं नव्हतं. मुलीचा गाल जवळपास साफ. सुनीताची खाज कमी. कॅप्सूल घेणारा महादेव मात्र जागच्या जागी, कडेला नवे खवले.

इथे चार वाटा होत्या: डोस वाढवायचा, औषध बदलायचं, कल्चर पाठवायचं, किंवा आहे ते औषध पोटात नीट जातंय का ते बघायचं. पहिल्या तिन्ही वाटा डॉक्टरला काहीतरी केल्याचं समाधान देतात. चौथीला नुसते प्रश्न विचारावे लागतात. माझं मत असं आहे की हट्टी गजकर्णात औषधावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

"कॅप्सूल कधी घेतोस?" "सकाळी, आल्या आल्या. च्यासंगं." उपाशीपोटी, चहाबरोबर. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला भरलं पोट लागतं आणि पोटात आम्ल लागतं. चिठ्ठीवर "जेवणानंतर" लिहिलेलं होतं. पण त्याचं मोठं जेवण कुठलं, हे रात्रपाळीवाल्याला विचारल्याशिवाय कळत नाही. मग सुनीता म्हणाली, "आन् ती गॅसची गोळी पण तवाच घेत्यात की." पँटोप्राझोल, रोज सकाळी, दोन वर्षं. रात्रभराच्या चहा-तंबाखूनं जळजळ होते म्हणून कारखान्यातल्या एकानं सांगितलेली. पहिल्या भेटीत "दुसरी कुठली औषधं चालू आहेत का?" याला त्यानं नाही म्हटलं होतं. त्याच्या लेखी ते खरंच होतं. गॅसची गोळी कुणी औषधात धरत नाही.

पँटोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतं, आणि आम्ल नसलं की कॅप्सूल विरघळून रक्तात पोचत नाही. तीन आठवडे घेतलेल्या औषधातलं किती पोचलं असेल, देव जाणे. गोळी बंद केली. जळजळीसाठी रात्रीचे चहा निम्म्यावर आणि तंबाखू सोडायचा प्रयत्न. कॅप्सूल संध्याकाळी, पाळीला निघण्याआधीच्या भाकरीच्या जेवणावर. डोस तोच, औषध तेच.

निष्पत्ती

दहा दिवसांत कडा बसायला लागली. बदल केल्यापासून सहाव्या आठवड्याला खवले नाहीत, खाज नाही, बोटानं चाचपल्यावर कडेचा उंचवटा नाही. यकृताच्या तपासण्या मध्ये एकदा पुन्हा केल्या, ठीक होत्या. कॅप्सूल थांबवल्या, मलम आणखी दोन आठवडे चालू ठेवलं.

काळे डाग राहिले. या टप्प्यावर पेशंट हमखास चुकतो आणि कधी डॉक्टरही. डाग म्हणजे आजार उरला असं समजून औषध लांबवलं जातं, किंवा डाग घालवायची म्हणून पुन्हा कुठलीतरी स्टिरॉइडची ट्यूब येते. डाग महिन्यांच्या हिशेबानं आपोआप फिके होतात. कुठे थांबायचं ते खवले, खाज आणि कड यांवरून ठरवायचं, रंगावरून नाही.

सुनीताला नुसत्या मलमावर दहा आठवडे लागले. ती न चुकता लावत होती म्हणून एवढ्यात झालं. मुलीचा गाल महिन्यात साफ. आजींचा चट्टा मात्र अर्धवट जाऊन अडला. त्यांची गेल्या तीन महिन्यांची साखर तपासली तर बरीच चढलेली निघाली. त्यांना फिजिशियनकडे पाठवलं, मधुमेहाचं औषध बदललं, तेव्हा कुठे तो चट्टा हलला.

दिवाळीनंतर महादेवला कुल्ल्यावर दोन लहान कडी पुन्हा उठली. या वेळी तो चौथ्या दिवशीच आला, मलमावरच भागलं. विचारपूस केल्यावर कळलं की शेडमध्ये खिळ्याला एक टॉवेल टांगलेला असतो आणि पाळीतले सगळे घाम त्यालाच पुसतात.

वेगळं काय करता येईल

एक गोष्ट मी बदलली आहे. "औषधं चालू आहेत का?" असं विचारत नाही. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं?" असं विचारतो. यात गॅसची गोळी निघते, काढा निघतो, जिमची पावडर निघते.

घरच्या सगळ्यांना पहिल्याच भेटीत, आणि बायकांना वेगळं तपासायची सोय हवी. सुनीता त्या दिवशी फी देण्याच्या दोन मिनिटांत बोलली, हा योगायोग. ती बोलली नसती तर महादेव बरा होऊन पुन्हा त्याच गादीवर गेला असता. आमच्याकडे आता महिला सहकारी आधी पाच मिनिटं बोलते. गर्दीच्या दिवशी तेही होत नाही.

कल्चर न पाठवण्याचा निर्णय वादाचा आहे. तिसऱ्या आठवड्यात गॅसच्या गोळीचा उलगडा झाला नसता तर तेच पाठवावं लागलं असतं. मोठ्या शहरात, जिथे सोय हाताशी आहे, तिथे अशा पेशंटचा नमुना सुरुवातीलाच घेऊन ठेवायला हरकत नाही. उपचार त्यासाठी अडवायचे नाहीत.

राहिला प्रश्न ट्यूबचा. २०१८ मध्ये त्वचेवर लावायची चौदा स्टिरॉइड औषधं शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रानं ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात असली काही मलमंही होती. बंदीच्या यादीत नसलेली मिश्रणं मात्र बाजारात राहिली. महादेवच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याशी मी बोललो. तो माणूस वाईट नाही. "मी नाय दिली तर पुढच्या दुकानात देत्यात," हे त्याचं म्हणणं खोटंही नाही. एवढं कबूल झालं की चिठ्ठी नसलेल्या माणसाला खाजेवर काही द्यायचंच तर साधं क्लोट्रिमॅझोल द्यायचं, आणि दोन आठवड्यांत फरक नसेल तर दवाखान्यात पाठवायचं. पाळतो की नाही हे त्याच्या विक्रीवहीतच कळेल.

टॉवेलचं महादेवनं स्वतःच पाळीत सांगितलं. जानेवारीत त्याच्याच पाळीतला एक कामगार आला, खिशात तसलीच ट्यूब. त्याचे उपचार सुरू झाले. पण त्याचं कुटुंब बिहारात आहे. तो होळीला महिनाभर गावी जातो, आणि जाताना ट्यूब घेऊन जातो, कारण तिकडे बायकोलाही खाज आहे. फोनवरच्या फोटोत चट्टा दिसतो, खवले खरवडता येत नाहीत. बायको गरोदर आहे की नाही, तिथे दुसरं काय चालू आहे, हे त्यालाच विचारून सांगावं लागतंय. तूर्त त्याच्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यासाठी हिंदीत चिठ्ठी लिहून दिली आहे, आणि तिकीट होळीच्या आधीचं आहे की नंतरचं, एवढं त्याला विचारून ठेवलं आहे.